बंगळूरची एक स्वस्त सीट

विमानाच्या तिकिटाचा भाव नुसता बघितला तरी वाढतो, असा आमच्या टाउनशिपमध्ये पक्का समज आहे. नजर लागते म्हणे. फाउंड्रीतले एक निवृत्त फोरमन माझ्यासमोर बसून बजावायचे, "मॅडम, एकदाच बघा हं. पुन्हा पुन्हा नका बघू, चढून जाईल." मग मी एक डोळा पूर्ण मिटायचे, दुसरा अर्धा उघडा ठेवायचे, पडद्याकडे चोरून बघितल्यासारखं करायचे आणि आकडा त्यांच्या कानात कुजबुजायचे. ते खूश. तिकीट निघायचं. त्यांना जो भाव मिळायचा तोच डोळे टक्क उघडे ठेवूनही मिळाला असता, पण मग माझ्या दुकानात आणि मोबाईलमध्ये फरक तो काय राहिला?

भोपाळमधल्या एका सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, मार्केटातल्या आठ बाय दहाच्या दुकानात बसून मी गेली बावीस वर्षं तिकिटं काढून देते आहे. वडील याच कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होते. मी भोंग्याच्या आवाजावर उठून शाळेत गेले आणि मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी नाटकात उभी राहिले. खाष्ट सासू, तोतया राजकुमारी, एकदा तर मिशा लावून फौजदार. घरच्यांना वाटायचं, ही पोरगी एक तर नटी होईल, नाही तर खोटं बोलण्यात नाव काढेल. मी ट्रॅव्हल एजंट झाले आणि दोन्ही हौशी थोड्या थोड्या भागल्या.

लोक मला एकच प्रश्न विचारतात, "वंदनाताई, त्याच विमानात माझ्या शेजारी बसलेला माणूस अर्ध्या पैशात कसा?" हा प्रश्न विचारताना माणसाचा चेहरा असा होतो, जणू त्या शेजाऱ्याने त्याच्या खिशातून ते पैसे काढले आहेत. एका अर्थी काढलेले असतातच. ते कसं, हे सांगायचं तर मला वझलवार काकांना रंगमंचावर आणावं लागेल. तसंही त्यांना आणल्याशिवाय मी हा लेख लिहिलाच नसता.

वझलवार काका मूळचे नागपूरचे. कारखान्याच्या खरेदी विभागातून मोठ्या पदावरून निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडून शहराच्या टोकाला मिसरोदला स्वतःच्या घरात राहायला गेले. तांब्याच्या तारेपासून झाडूपर्यंत या कारखान्यात जे काही आलं ते त्यांच्या सहीने आलं, आणि तीन कोटेशन मागवल्याशिवाय त्यांनी सही केली नाही. आमच्याकडे माणूस नोकरीतून निवृत्त होतो, तीन कोटेशनांतून होत नाही. मुलीसाठी स्थळं बघताना तीन कोटेशन मागवणारे लोक मी पाहिले आहेत. पण वझलवार काका त्यातले महामहोपाध्याय. कुमुदकाकू सांगायच्या, "आमच्या घरी पहिला मिक्सर आला तेव्हा समीर दुसरीत होता. यांनी चौकशी सुरू केली तेव्हा तो पोटात होता."

हा समीर त्यांचा एकुलता एक मुलगा. इंजिनीअर झाला, आमच्याच कारखान्याची परीक्षा पास झाला, नेमणुकीचं पत्र घरी आलं. काकांनी पेढे वाटले. मीही खाल्ले. आणि आठ दिवसांनी समीर ते पत्र टेबलावर तसंच ठेवून बंगळूरला गेला, लहान मुलांच्या मोबाईलवरच्या खेळांची चित्रं काढायला. काका म्हणाले, "बाहुल्या रंगवायच्या होत्या तर इंजिनीअर काहून झालास?" त्यावर समीरही काहीतरी बोलला. त्यानंतर चार वर्षं बापलेकांत एक शब्द नाही. समीरने तिकडेच काव्या नावाच्या मुलीशी लग्न केलं, काका गेले नाहीत, आणि काका गेले नाहीत म्हणून काकूही गेल्या नाहीत. फोनवर काकू बोलायच्या, काका त्या वेळी बाहेर झाडांना पाणी घालायचे. पावसाळ्यातसुद्धा.

तर एका सोमवारी वझलवार काका माझ्या दुकानात आले. हातात फाईल, फाईलला नाडी.

"वंदू, बंगळूरचा दर काय चाललाय?"

मी त्यांना काका म्हणत असले तरी मला लहानपणी त्यांची भीती वाटायची, त्यामुळे आधी उभी राहिले. "कुणासाठी काका?"

"तुझी काकू आणि मी. समीरला मुलगी झाली. सव्वा महिन्याने बारसं आहे. तुझ्या काकूला वाटतंय जावं." हे सगळं ते फाईलकडे बघून बोलले.

मी मनातल्या मनात पडदा उघडला आणि तुतारी वाजवली. चार वर्षं! तोंडाने मात्र साधंच म्हटलं, "अरे वा. दोघांचं आजच काढूया. माणशी साडेचार हजारांत मिळतंय."

"काढूया काय? कोटेशन दे. पंधरा दिवसांची मुदत घालून."

"काका, याला पंधरा मिनिटांचीसुद्धा मुदत नसते."

"असा कुठला धंदा असतो? बरं, प्रति किलोमीटर दर काय पडला?"

बावीस वर्षांत मला हा प्रश्न विचारणारे ते पहिले आणि शेवटचे. मी त्यांना सांगितलं की विमानाला किलोमीटर कळत नाहीत. भोपाळहून दिल्लीला दिवसाला बरीच विमानं जातात, कंपन्या एकमेकींवर डोळा ठेवून असतात, म्हणून भाव ताब्यात राहतो. ज्या गावाला दिवसातून एकच विमान जातं तिथे ती कंपनी राजा. ते गाव जवळ असलं तरी तिकीट महाग, आणि दूरचं गर्दीच्या मार्गावरचं गाव स्वस्त. शिवाय विमानाच्या तेलावर प्रत्येक राज्याचा कर वेगळा. इंदूरहून विमानं जास्त, म्हणून तर आपल्याकडचे हुशार लोक तिथे जाऊन विमान पकडतात. तिकिटात आठशे रुपये वाचवतात आणि टॅक्सीला अडीच हजार देतात, वाटेत सोनकच्छला कचोरी खातात ती वेगळी.

काका हसले नाहीत. "बंगळूरला किती जातात?"

"सरळ जाणारं एक."

"मग रेल्वे बरी."

"दीड दिवस लागेल. काकूंच्या गुडघ्यांचं काय?"

काकूंच्या दोन्ही गुडघ्यांनी केव्हाच संप पुकारला होता. काकांनी फाईलची नाडी चाचपली. मग म्हणाले, "ठीक आहे. पण मला हे समजलं पाहिजे. समजल्याशिवाय मी नळाची तोटीसुद्धा घेतली नाही."

माझं धंद्यातलं सगळ्यात आवडतं काम हेच. मी टेबलावरचे पेन, स्टेपलर, पाण्याची बाटली बाजूला केली आणि प्रयोग लावला.

"काका, विमान म्हणजे एक मांडणी समजा. खाली वर दहा कप्पे. सगळ्यांत सीट तीच, भाव वेगळा. सगळ्यात खालच्या कप्प्यात स्वस्त सीटा ठेवल्यात, पण मोजक्या. त्या संपल्या की पुढच्या माणसाचा हात वरच्या कप्प्यात जातो. म्हणून लवकर येणाऱ्याला स्वस्त. आणि ही मांडणी हलती आहे. गर्दी कमी वाटली तर कंपनी वरच्या चार सीटा उचलून खाली ठेवते, गर्दी दिसली तर खालच्या वर."

"म्हणजे भाव पडूही शकतो."

हे वाक्य त्यांनी ज्या आवाजात म्हटलं, तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. "शकतो," मी म्हटलं. "कधी कधी."

"पण शेवटी शेवटी तर पडलाच पाहिजे. विमान उडालं की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य. भाजीवाला संध्याकाळी मेथी स्वस्त करतो."

"मेथीवाल्याकडे संध्याकाळी कोण येतं? ज्याला मेथी नसली तरी चालेल तो. विमानाकडे शेवटच्या दिवशी कोण येतं?" मी उठून दारात गेले आणि घाईघाईने आत शिरले. "हा बघा, एका कंपनीचा मॅनेजर. उद्या मीटिंग आहे, पैसे कंपनीचे, भाव विचारतच नाही." पुन्हा बाहेर, पुन्हा आत, या वेळी डोक्यावर पदर. "ही एक आई. मुलगा तिकडे दवाखान्यात आहे. तीही भाव विचारत नाही. विमानवाल्यांना हे दोघं येणार हे पक्कं ठाऊक असतं. त्यांच्यासाठी ते वरच्या कप्प्यात चार सीटा राखून ठेवतात."

"म्हणजे गरजवंताला लुटायचं."

"हो. आणि त्याच्याकडून जास्त मिळतं म्हणून तुम्हाला पाच आठवडे आधी साडेचार हजारांत बसवायचं. विमान त्याच्या पैशावर उडतं, तुमच्या नाही."

काकांनी एकदा माझ्या रिकाम्या दाराकडे बघितलं. मग त्यांनी फाईल उघडली, आत एक कागद होता, त्यावर पट्टीने तीन रकाने आखलेले. पहिल्या रकान्यात माझं नाव आणि साडेचार हजार लिहिलं. "आता एमपी नगरमधल्या एजन्सीकडे जाऊन येतो. तिसरं कोटेशन मोबाईलवरून."

"काका, तुम्ही तीन ठिकाणी फिरून येईपर्यंत तिन्ही आकडे शिळे झालेले असतील. आणि तीनही दुकानांत माल एकाच मांडणीतला आहे."

"सगळे पुरवठादार असंच म्हणतात," काका म्हणाले आणि गेले.

आता हसायला मला काय जातंय? मी स्वतः याच मुलखात वाढले आहे. आमच्याकडे सुट्टीच्या प्रवासाची सवलत मिळते, तिला सगळे एलटीसी म्हणतात. आधी अर्ज, मग साहेबांची सही, मग हिशेब विभागाची मंजुरी, मग तिकीट. ती मंजुरी हातात येईपर्यंत खालचे पाच कप्पे झाडून पुसून रिकामे झालेले असतात. मग अख्खी टाउनशिप एकाच आठवड्यात माझ्या दुकानावर तुटून पडते आणि भाव कसा वाढला म्हणून मलाच विचारते. मी म्हणते, तुम्हीच वाढवला, आरशात बघा. त्यांना वाटतं मी विनोद करते आहे.

आणि भाव कळतो म्हणून मी फार मिजास करावी अशीही परिस्थिती नाही. टाउनशिपच्या दवाखान्यात लिसी नावाची एक मल्याळी सिस्टर होती. तिला ऑगस्टमध्ये घरी जायचं होतं. मी पडद्याकडे बघितलं, आपले गणपती अजून लांब होते, शाळा सुरू होत्या. मोठ्या ऐटीत म्हटलं, "दोन आठवडे थांब, पडेल." ओणम त्या वर्षी ऑगस्टमध्ये होता. माझ्या डोक्यात फक्त गणपती आणि दिवाळी, आणि विमानकंपनीच्या डोक्यात अख्ख्या देशाचं पंचांग. दोन आठवड्यांत भाव दुपटीच्या वर गेला आणि लिसी घरी गेली नाही. तिने मला एका शब्दाने बोलून दाखवलं नाही, उलट पुढच्या वर्षी जाऊन आल्यावर केळ्याचे वेफर आणून दिले. ते माझ्या घशाखाली उतरेनात. तेव्हापासून दुकानाच्या भिंतीवर मी एक मोठी दिनदर्शिका लावली आहे. तीत ओणम, बिहू, छठ, ईद, दुर्गापूजा, ख्रिसमस, सगळ्या बोर्डांच्या परीक्षा, सगळं लाल शाईने. आणि "थांबा, पडेल" हे वाक्य मी धंद्यातून काढून टाकलं आहे.

म्हणूनच पुढचे तीन सोमवार माझ्या जिवावर आले.

दुसऱ्या सोमवारी काका आले तेव्हा भाव पाच हजार शंभर होता. त्यांनी कागद पुढे केला. "एमपी नगरने मंगळवारी चार हजार आठशे सांगितले होते. त्या भावात दे."

"मंगळवार गेला काका."

"तुमची सगळ्यांची साखळी आहे."

तिसऱ्या सोमवारी एक आक्रीत घडलं. भाव चारशेने उतरला. खरंच उतरला. मी जवळजवळ ओरडलेच, "काका, काढा! आत्ता!"

त्यांच्या चेहऱ्यावर एक मंद, जाणकार हसू आलं. अठ्ठावीस वर्षं पुरवठादारांना घाम फोडलेला माणूस तो. "पडायला लागलाय. आता घाई करायची नसते."

मी हात जोडले, घड्याळ दाखवलं, दिनदर्शिकेवरची शाळांची सुट्टी दाखवली. बारशाच्या त्याच आठवड्यात शाळा बंद होत होत्या. काकांनी शांतपणे रकान्यात आकडा लिहिला, त्याच्यापुढे खाली तोंड केलेला बाण काढला आणि नाडी बांधली. त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला की लहानपणीची भीती साफ गेली. मी म्हटलं, "काका, बारसं तुमच्या तुलनात्मक तक्त्यासाठी थांबणार नाही."

काका उठले. जाताना दारात क्षणभर थांबले, परत येतात की काय असं वाटलं, पण नाही. चौथ्या सोमवारी ते आलेच नाहीत.

बुधवारी दुपारी दुकानासमोर ऑटो थांबली आणि तीतून कुमुदकाकू उतरल्या. एकट्या. मिसरोदहून एवढ्या लांब, त्या गुडघ्यांवर. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला, खुर्ची दिली, पाणी दिलं. बारसं पुढच्या आठवड्यातल्या रविवारी होतं, म्हणजे अकरा दिवसांवर.

काकूंनी दम खाल्ला. मग म्हणाल्या, "यांना भावाची फिकीर नाही गं, वंदू. हे जायला घाबरतात. भाव जितका वाढेल तितकं यांना बरं. मग एके दिवशी म्हणतील, आता परवडत नाही, आणि बसतील घरी. लग्नाच्या वेळी असंच केलं. तेव्हा रजा मिळाली नाही म्हणाले. रजा मागितलीच नव्हती, मला मागून कळलं."

मी इतकी वर्षं माणसांचे चेहरे वाचून पोट भरते आहे, आणि हे मला दिसलं नव्हतं. मी त्यांना मांडणी शिकवत बसले होते.

"काढ तू तिकीट," काकू म्हणाल्या.

मी पडद्याकडे वळले. दोघांसाठी विचारलं, गुरुवारचं, बारशाच्या तीन दिवस आधीचं. माणशी साडेआठ हजार. काकूंनी डोळे मिटले. आणि तेवढ्यात मला आमच्या धंद्यातली एक जुनी गोष्ट आठवली. तुम्ही चार सीटा मागितल्या आणि खालच्या कप्प्यात दोनच उरल्या असतील, तर यंत्र तुम्हाला दोन खालच्या आणि दोन वरच्या देत नाही. चारही वरच्याच भावाने सांगतं. मागितल्या तेवढ्या सीटा एकत्र जिथे मावतील तो कप्पा. म्हणून मी कुटुंबांची तिकिटं कधी कधी फोडून काढते.

मी एकट्या माणसासाठी विचारलं. सहा हजार दोनशे.

"काकू," मी म्हटलं, "खाली एक सीट उरली आहे. एकच. ती एकाला मिळेल, दुसऱ्याला साडेआठ."

मला वाटलं, आता म्हणतील यांना विचारते. चाळीसएक वर्षं त्या तेच म्हणत आल्या होत्या.

"एकच आहे?"

"एकच."

"मग माझं काढ."

"आणि काका?"

"त्यांचं ते बघतील. मला नातीला मांडीवर घ्यायचंय. गुडघे आहेत तोवर." त्यांनी पिशवीतून आधार कार्ड काढलं, त्याच्या मागे रबर लावून ठेवलेले पैसे काढले. "आणि खिडकीची दे. मी कधी बसले नाही विमानात."

खिडकीच्या सीटचे वेगळे पैसे पडतात. ते मी भरले आणि त्यांना सांगितलं की आज खिडकी फुकट आहे. खोटं बोलण्यात मी नाव काढलं आहे, हे आधी सांगितलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर करते तो काका पायरीवर उभे.

"कुणाच्या मंजुरीने काढलंस?"

"जाणाऱ्या प्रवाशाच्या."

"दाखव." मी तिकीट दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, भाव बघितला, मग पडद्यावरचा त्या दिवशीचा भाव बघितला. तो नऊ हजारांवर गेला होता. त्यांच्यातला खरेदी अधिकारी क्षणभर डोकावून गेला. "दर योग्य आहे," ते पुटपुटले. मग घसा साफ करून म्हणाले, "रद्द केलं तर?"

"जवळजवळ काहीच परत मिळत नाही."

"असं." आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या माणसाच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. "मग जाऊ दे तिला. पैसे फुकट घालवण्यात अर्थ नाही." वळून दोन पायऱ्या उतरले, पुन्हा चढले. "विमानतळावर चाकाची खुर्ची मिळते ना? तिला चालवणार नाही."

"सांगून ठेवली आहे."

"तिला हे सांगू नको की मी विचारलं."

पुढच्या आठवड्यात, गुरुवारी, काकू गेल्या. काका त्यांना विमानतळावर सोडून आले, हे मला ऑटोवाल्याकडून कळलं. येताना साहेबांनी एकदा आकाशातल्या विमानाकडे बघून विचारलं म्हणाला, "वो वाला होगा क्या?"

शुक्रवारी काही नाही. शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास मी चहा ओतत होते आणि काका आत आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, नवी चप्पल, हातात छोटी बॅग. फाईल नव्हती.

"आजचं विमान आहे का?"

मी चहा तसाच बाजूला ठेवला. "आहे. दुपारी. बघते." बघितलं. तीन सीटा उरल्या होत्या, सगळ्यात वरच्या कप्प्यात. तिथला भाव आयुष्यात फार थोड्या लोकांना सांगायची वेळ माझ्यावर आली आहे. मी श्वास घेतला.

"सांगू नकोस," काका म्हणाले.

"काय?"

"आकडा सांगू नकोस. सांगितलास तर मी उठून जाईन. मला माहीत आहे ना मी कसा आहे ते." त्यांनी बँकेचं कार्ड टेबलावर ठेवलं आणि तोंड फिरवून भिंतीवरची दिनदर्शिका वाचायला लागले.

मी आकडा सांगितला नाही. इथेही सांगणार नाही. यंत्राने कार्ड गिळलं, कागद बाहेर आला, मी तो घडी घालून पाकिटात टाकला.

"परतीचं कधीचं काढू?"

"परतीचं काय सांगू, वंदू? दार उघडल्यावर कळेल. कदाचित त्याच विमानाने परत यावं लागेल." ते खुर्चीत बसले. विमानाला अजून वेळ होता. त्यांनी एकदम विचारलं, "तू नाटकात काम करायचीस. सांग बरं, दारात उभं राहिल्यावर काय बोलायचं?"

मला मिशा लावलेला फौजदार आठवला. पहिल्याच प्रवेशात मी पाठ केलेलं सगळं विसरले होते आणि आठशे माणसांसमोर नुसती उभी होते. "काका, पाठ करून जाऊ नका," मी म्हटलं. "पाठ केलेलं ऐन वेळी हटकून विसरतं. तुम्ही नुसते जाऊन उभे राहा. पुढचं वाक्य समोरच्याचं असतं."

त्यांनी मान हलवली. मी चहाचा कप पुढे केला. त्यांनी तो घेतला, आणि मग एखाद्या परीक्षेला बसलेल्या मुलासारखे तो दोन्ही हातांत धरून बसून राहिले. ऑटो आली तेव्हा मी दुकान तसंच उघडं टाकून त्यांना बॅगेसकट आत बसवून आले. "आधार कार्ड आहे ना?" "आहे." "बारशाला काय नेताय?" काकांनी बॅग थोपटली. "वाळा. चांदीचा. सराफ्यात काल संध्याकाळी घेतला. पहिल्याच दुकानात."

रविवार गेला. सोमवार गेला. मी काय करू? फोन करावा तर कुठल्या तोंडाने? परतीच्या विमानांची यादी मी उगीचच तीन तीनदा उघडून बघत होते आणि कुणी वझलवार नावाचं बसलं असेल तर ते मला तिथे दिसणार नाही हे ठाऊक असूनही बघत होते.

मंगळवारी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन.

"वंदूताई? समीर बोलतोय. ओळखलं का?"

आवाज बापासारखाच, फक्त जरा हलका. मी म्हटलं, "पेढे खाल्ले होते रे तुझे, ओळखणार नाही? बारसं झालं?"

"झालं. मीरा नाव ठेवलं. आईने ठेवलं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाबा आले होते. म्हणजे आलेत. ताई, त्यांचं आणि आईचं परतीचं तिकीट बघायचं होतं. मी मोबाईलवर काढलं असतं, पण बाबा म्हणतात तुमच्याशिवाय काढायचं नाही."

माझी छाती अशी फुलली की खुर्ची करकरली. मी तातडीने पडदा उघडला. सुट्टीचे दिवस, भोपाळकडे येणारी गर्दी, पण एक कप्पा खाली अजून शिल्लक होता. "समीर, ऐक. येत्या गुरुवारचं आज काढलंस तर दोघांचं स्वस्तात पडेल. उद्या सांगता येत नाही. बाबांना विचार आणि लगेच सांग."

फोन बाजूला गेला. मागे कुकरची शिट्टी झाली, काकूंचं काहीतरी बोलणं, एका बाळाचा बारीक कुरकुरण्याचा आवाज. मग फोनवर काकाच आले.

"वंदू, गुरुवारचं नको."

"काका, स्वस्त आहे. खरंच सांगते, माझी साखळी नाही."

"ते असू दे. गुरुवारी हिला दीड महिन्याची लस आहे. समीरला सुट्टी नाही, काव्याच्या आईचं ब्लडप्रेशर वाढलंय. मी नेणार आहे."

"मग शुक्रवारचं बघते."

पलीकडून असा आवाज आला, जणू मी त्यांना सडका माल खपवायला निघाले होते.

"शुक्रवारी कसं? लशीनंतर ताप येतो ना पोरीला. तुला एवढंही कळत नाही?"